बेस गिटार: कोणती घ्यायची, कशी वाजवायची आणि जालन्याच्या उन्हात ती नीट कशी ठेवायची?

मोबाइलच्या स्पीकरवर रील बघताना गाण्यातला एक वादक तुम्हाला जवळपास ऐकूच येत नाही. तो म्हणजे बेस गिटारवाला. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा आवाज काढता येत नाही. तेच गाणं चांगल्या हेडफोनवर ऐका, खाली चालणारी एक वेगळीच चाल सापडेल.

आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत ही बाजू टोनी वाझ यांनी सांभाळली. आजच्या पिढीत मुंबईत वाढलेली मोहिनी डे हे नाव जगभर पोहोचलंय. तिचे वडीलही बेसवादक आणि तिचे पहिले गुरूही तेच.

पण भोकरदन, परतूर किंवा मंठ्यात राहून हौस म्हणून बेस शिकायचा असेल तर? वाद्य ऑनलाइन मागवता येतं, धडे यूट्यूबवर मिळतात. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. खोक्यातून आलेली गिटार नीट लावलेली नसते, तारा उंच असतात, बोटं दुखतात, सूर खरखरतात. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. हे टाळायचं कसं, ते बघूया.

बेस म्हणजे नेमकं काय?

साध्या गिटारला सहा तारा, बेसला बहुतेक वेळा चार. जाडीकडून बारीककडे त्यांची नावं ई, ए, डी आणि जी. गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा त्या बरोबर एक सप्तक खाली असतात. आज दिसणाऱ्या इलेक्ट्रिक बेसचं रूप रूढ झालं ते १९५१ मध्ये, अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बेस करायचा.

बेसचं काम समजून घ्यायचं तर तबल्यातला डग्गा आठवा. डग्गा थांबला की ठेका पोकळ वाटतो. बेसही तसाच गाण्याला बूड देतो. फरक इतकाच की तो ठेक्याबरोबर सूरही सांगतो.

कोणती घ्यायची?

पहिली बेस चार तारांचीच घ्या. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट अशा कंपन्यांच्या सुरुवातीच्या नव्या बेस साधारण १५ ते २५ हजारांच्या घरात असतात. नेहमीच्या बेसची तार ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर लांब असते. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बेस सोपी जाते.

जुनी घेणार असाल तर चार गोष्टी तपासा. नेक म्हणजे लांब दांडी एका डोळ्याने बंदुकीसारखी न्याहाळा, पीळ पडलेला दिसला तर घेऊ नका. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. नॉब फिरवताना करकर येते का ऐका. आणि नेकच्या आतल्या लोखंडी सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट झिजलेला नाही ना, हे पाहा.

सगळे पैसे गिटारवर घालवू नका. ट्यूनर, पट्टा, केबल आणि हेडफोनवर ऐकण्यासाठी छोटा अ‍ॅम्प यांना पैसे राखून ठेवा. बेससाठी साध्या गिटारचा छोटा अ‍ॅम्प मोठ्या आवाजात वापरला तर स्पीकर फाटू शकतो.

काळी एक कुठे सापडते?

भजनी मंडळात पेटीवाला स्वर सांगतो तो 'काळी एक', 'काळी चार' असा. बेसवर त्याचं उत्तर सोपं आहे. काळी एक म्हणजे ए तारेवरचा चौथा फ्रेट. काळी चार म्हणजे ई तारेवरचा चौथा फ्रेट. काळी पाच हवी असेल तर ए तारेवरचा पहिला.

षड्ज सापडला की पंचम शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे असतो. त्याच फ्रेटवर आणखी एक तार पुढे गेलात की तार षड्ज. बोटांचा हा आकार बदलत नाही, गाण्याची पट्टी बदलली की तो उचलून दुसरीकडे ठेवायचा.

पहिले काही आठवडे एवढंच करा. उजव्या हाताची पहिली दोन बोटं आलटून पालटून वापरा. मेट्रोनोम ६० वर लावा आणि केरव्याच्या आठ मात्रांत समेवर सा, पाचव्या मात्रेवर प वाजवा. वाजवत नसलेल्या तारा बोटांनी दाबून गप्प ठेवा. वेग नंतर येतो, आधी समेला चुकायचं नाही.

घरच्या घरी सेटअप

लाकूड हवेप्रमाणे बदलतं. जालन्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी असते. नंतर पावसाळ्यात तीच हवा दमट होते. या फरकाने नेक थोडी पुढे किंवा मागे वाकते, कोरड्या दिवसांत फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. कारागीर जवळ नसेल तर हे काम स्वतः शिकलेलं बरं. अ‍ॅलन की, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी पुरते. क्रम मात्र हाच ठेवा.

१. तारा सुरात लावा.

२. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्डाएवढी, साधारण ०.३ मिलिमीटर, फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवा, फट नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबा.

३. ब्रिजवरच्या सॅडलने तारांची उंची ठरवा. सतराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे २.४ आणि बारीक तार २ मिलिमीटर वर असली की बोटांना त्रास होत नाही.

४. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून येणाऱ्या सुराशी ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर नेककडे आणा.

पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत गिटार ठेवू नका.

वायरिंगची हौस

बेसच्या पोटात फार काही नसतं. पिकअप, आवाजाचा आणि टोनचा पॉट, एक कपॅसिटर आणि जॅक. करकर बहुतेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. जॅकची तार सुटली असेल तर टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही मिनिटभरात डाग देऊन देईल.

तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी होत असेल तर दोष बेसमध्येच असेल असं नाही, खोलीतली अर्थिंगही तपासा. ही बाब हलक्यात घेऊ नका. बेसच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. मांडवात जनरेटरवर वीज असेल आणि अर्थिंग नसेल, तर हातात बेस आणि ओठांना माइक लागताच झटका बसू शकतो. १९७२ मध्ये ब्रिटनमधला गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून दगावला. वाजवण्याआधी मांडवातल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका.

वर्षातून दोनदा

उन्हाळा लागताना एकदा आणि पावसाळा स्थिरावल्यावर एकदा, ही चार पायऱ्यांची तपासणी करा. हात बसला की अर्ध्या तासाचं काम आहे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या तर त्या जास्त टिकतात, आणि बेसच्या तारांचा संच स्वस्त नसतो. एवढं करूनही बोटं दुखली तर घाबरू नका. पहिले काही आठवडे ती सगळ्यांचीच दुखतात.