झाकण नसलेले काचपात्र

जुन्या काचसामानात पाच-सहा इंच उंचीचे, झाकण नसलेले एक पात्र कित्येकदा आढळते. कोणी त्यास फुलदाणी म्हणतो, तर कोणी झाकण हरवलेले साखरपात्र. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र त्याचे प्रयोजन निराळे होते. जेवणाच्या मेजावर त्यात चमचे उभे ठेवीत.

साच्यात दाबून काच घडविण्याची कला तेथे १८२० च्या दशकात रुजली. १८६४ मध्ये व्हीलिंग येथे विल्यम लेटन यांनी शिसे वगळून सोडा-चुन्याची स्वस्त काच सिद्ध केली. त्यामुळे एकाच नक्षीचा चार पात्रांचा संच सामान्य कुटुंबांच्याही आवाक्यात आला: लोण्याचे, साखरेचे, साईचे आणि चमच्यांचे.

ओळख पटते ती काठावरून. साखरपात्राच्या काठाशी बहुधा झाकण टेकण्यापुरता कंगोरा असतो. चमचापात्रास तो नसतो. त्याचा काठ पुष्कळदा नागमोडी असतो. त्याच घडणीचे परंतु बरेच उंच पात्र असेल, तर ते बहुधा सेलरीच्या देठांसाठी असे.

पुढे मेजावरील रीत पालटली आणि पात्राचे नाव विस्मृतीत गेले. झाकणावाचून ते पूर्णच होते. त्यास अपूर्ण ठरविले, की त्या कुटुंबांच्या भोजनरीतीची एक साक्षच आपण गमावतो.