हयातीचा दाखला

आमच्या माण तालुक्यात पाऊस कमी आणि मुंबईला गेलेली माणसं जास्त. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, परळच्या एका गिरणीत साच्यावर होते आणि राहायला घाटकोपरच्या भटवाडीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर यायची. त्यातून घरचं मीठमिरची आणि माझी शाळा चालायची. घराची शेती आमचे वडील बघायचे, पुढं मी बघायला लागलो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढारी डॉ. दत्ता सामंत, ते घाटकोपरचेच डॉक्टर. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तात्या. मार्चमध्ये मी दहावीला बसलो. निकाल लागला, पास झालो, पण अकरावीला जायचं नाव कोणी काढलं नाही, कारण तोवर मनीऑर्डर बंद झाली होती. संप मिटला असं कोणी सांगितलंच नाही. तात्यांनी पुढं वॉचमनकी केली आणि १९९६ साली ते गेले. फंडाचे पैसे देण्यातच संपले. काकी भटवाडीतच राहिली, एका खाणावळीत चपात्या लाटायला जायची.

२०१२ साली तिच्या हाताला कंप सुटला आणि लाटणं बंद झालं. शेजारच्या बाईनं मला फोन केला, "म्हातारीचा पगार बसवा." आपल्याकडं पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन. ६५ वर्षं पूर्ण आणि वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असलं की महिन्याला ६०० रुपये. मी गाडी धरली.

मुंबईत तालुका असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. १ ऑक्टोबर १९९० ला मुंबईचे दोन जिल्हे झाले, शहर आणि उपनगर. उपनगर जिल्ह्यात तालुके तीन : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर, मुलुंड कुर्ल्यात. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हाच वृद्धांचा दिवस म्हणून ठरवला. जिल्ह्याचा वाढदिवस आणि म्हाताऱ्यांचा दिवस एकच, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी कुर्ला तालुका म्हणून कुर्ल्याला उतरलो, तर तहसील कचेरी मुलुंडला. चूक माझीच. परत गाडी, परत जिना.

शेत नसलेल्या गावात तलाठी बघून मात्र बरं वाटलं. आपली भाषा बोलणारा माणूस भेटला. वयाचा पुरावा मागितला. काकी शाळेची पायरी चढली नव्हती. रेशनकार्डावर कोणीतरी अंदाजानं वय लिहिलेलं, ते आठ वर्षांनी कमी. मग सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला आणला. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला झाला. शेवटी उत्पन्नाचा विषय निघाला.

"गावाकडं जमीन आहे का बाईंच्या नावावर?"

"हाय. तात्यांच्या माघारी सातबाऱ्यावर नाव लागलंय. दोन एकर जिराईत."

"करतं कोण?"

"मी."

"बाईंना काय देता?"

मी गप्प झालो. वर्षाला एक पोतं जोंधळा पाठवायचो, तेही पाऊस झाला तर. काकी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "देतो की. लेकरू हाय माझं." कोरडवाहू दोन एकरांचं उत्पन्न मर्यादेत बसत होतं, ते खोटं नव्हतं. पण दाखला हातात घेताना मान वर झाली नाही.

तेव्हापासून मी या कायद्यांमागं लागलो. मिळेल ते वाचलं, वकिलाला विचारलं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाबद्दल सरकारनं काय काय ठरवलं, त्याचा माग काढला तर तो असा निघतो.

१९५९ साली मुंबई राज्यानं भीक मागण्याला बंदी करणारा कायदा केला. निराधार म्हातारा रस्त्यावर हात पसरून बसला तर तो या कायद्यानं गुन्हेगार. १९६३ पासून शासनानं वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थांना अनुदान द्यायला सुरुवात केली, पुरुषाला वय ६० आणि बाईला ५५. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार योजना आली आणि पैसा पहिल्यांदा माणसाच्या हातात पडायला लागला. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्रानंही वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन सुरू केलं, महिन्याला ७५ रुपये. त्याच साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली. पुढं केंद्राचे ७५ चे २०० झाले आणि ८० वर्षांच्या आतल्या माणसाला ते अजून २०० च आहेत. बाकीची भर राज्य घालतं.

वृद्धाश्रमाचंही मी बघून ठेवलं होतं. काकी पडलीबिडली तर काय, म्हणून एका आश्रमात जाऊन आलो. तिथल्या व्यवस्थापकानं हिशेब समजावून सांगितला. सरकार आश्रम स्वतः चालवत नाही, संस्थेला देतं. किती माणसं ठेवायची ते मंजूर करतं आणि डोक्यामागं इतके रुपये असं अनुदान ठरवतं. समाजकल्याणचा माणूस तपासणीला येतो, हजेरीपट बघतो, अहवाल वर जातो, मग पैसे येतात. तोवर भाजीवाल्याचं, औषधाचं संस्थेनं भागवायचं. मला ते वाट्यानं जमीन दिल्यासारखं वाटलं. आमच्यात वाटा ठरताना बी कोणाचं, खत कोणाचं, पाऊस पडला नाही तर काय, हे सगळं आधी पारावर बोललं जातं. इथं बी संस्थेचं, खत संस्थेचं, आणि मालक सुगी झाल्यावर येऊन कणसं मोजणार. ज्याच्या गाठीला पैसा आहे किंवा देणगीदार आहे, तोच असा वाटा करू शकतो. म्हणून असे आश्रम गरज आहे तिथं निघत नाहीत, संस्था आहे तिथं निघतात. हजेरीपटावर माणूस मोजला जातो, पण त्याच्याशी दिवसातून कोण किती बोललं याला रकाना नसतो.

२००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम असं लिहिलंय. पण वकिलानं बोट ठेवून दाखवलं, कायदा सरकारला "करू शकेल" म्हणतो, "करील" म्हणत नाही. पोरांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. प्रांताकडं अर्ज करून महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी मागता येते. आणि ज्याला मूल नाही त्यानं कोणाकडं मागायची? तर ज्याच्याकडं त्याची मालमत्ता आहे किंवा पुढं येणार आहे, त्या वारसाकडं. वकील हे सहज बोलून गेला. मला ते दोन एकर दिसले.

त्या साली मी वाट्याचा हिशेब केला आणि सुगीला पैसे घेऊन भटवाडीला गेलो. काकीनं मोजले नाहीत. "उशीर झाला," एवढं मीच म्हणालो.

पुढं एक चूक मात्र माझ्या हातून झालीच. एका वर्षी यात्रेला आणलं आणि ठेवून घेतलं, राहू दे म्हटलं चार महिने. पगार चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे ध्यानातून गेलं. पगार बंद पडला. काकी म्हणाली, "मी जित्ती हाय हे सांगाया बी मुंबईलाच जायाला पायजे का रं?" परत जाऊन कागद दिला तेव्हा काही महिन्यांनी तो चालू झाला. मधल्या काळातलं वाण्याचं मी भागवलं. ते उपकार नव्हते.

२०१८ साली काकी गेली. ६०० चे १००० झाले ते २०१९ ला आणि १५०० झाले २०२३ ला. तिनं दोन्ही पाहिलं नाही.

आता माझीही साठी उलटलीय. दर वर्षी फेब्रुवारी लागला की मी गावातल्या पगारवाल्या म्हाताऱ्यांची यादी काढतो. कोण मुंबईला लेकाकडं गेलंय, कोण पुण्याला, त्यांना फोन लावतो. जी गावात आहेत त्यांना टेम्पोत घालून दहिवडीला नेतो आणि दाखले करून आणतो. डिझेलचे पैसे कोणी विचारले तर सांगतो, तात्यांच्या दोन एकरांतून जातात.