पंख फुटलेल्या सायकलींची कुळकथा

पॅरिसमधल्या जुन्या इमारतींवर आजही अशी सूचना दिसते: 'जाहिराती लावण्यास मनाई. कायदा, २९ जुलै १८८१.' गंमत म्हणजे हा कायदा मुळात मोकळीक देणारा, वृत्तपत्रस्वातंत्र्याचा. काही राखीव जागा सोडल्या तर भिंती जाहिरातींना खुल्या झाल्या त्या याच कायद्याने. फ्रेंच सायकल-पोस्टरचं एक मूळ इथे आहे.

दुसरं मूळ दगडात. ज्यूल शेरे हा चित्रकार लंडनमध्ये शिळाछापाचं काम शिकून आला आणि १८६६ मध्ये त्याने पॅरिसला छापखाना काढला. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला झिडकारतं, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. रंग तितके दगड, आणि प्रत्येक वेळी कागद तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. शेरेने याच रीतीने भिंतभर रंगीत चित्रं स्वस्तात छापून दाखवली. (आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या मुंबईच्या छापखान्यातून १८९४ पासून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, त्याही दगडावरूनच.)

सायकल मात्र सुधारायला वेळ लागला. सारख्या चाकांची, साखळीची 'रोव्हर' इंग्लंडात १८८५ मध्ये आली, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ मध्ये आणि मिशलँचा काढता-घालता येणारा टायर १८९१ मध्ये. मग फ्रान्समध्ये कारखान्यांचं पेव फुटलं, पण सगळ्यांच्या सायकली जवळजवळ सारख्याच. तेव्हा गिऱ्हाइकाला वेगळं दाखवायचं काय? नाव आणि चित्र.

'ग्लॅडिएटर' या सायकल-कंपनीसाठी मासियास याने १८९५ च्या सुमारास काढलेलं पोस्टर पाहा. गडद निळं, चांदण्यांचं आकाश. पंख असलेली सायकल. लाल केस मोकळे सोडलेली विवस्त्र तरुणी, आणि ती सीटवर बसलेलीसुद्धा नाही. सायकलला धरून शेजारून उडते आहे. किंमत, वजन, मजबुती, कशाचाच पत्ता नाही. पॅरिसच्या खऱ्या बायकांची गोष्ट निराळी होती. १८०० सालच्या हुकुमानुसार त्यांना विजार घालायला पोलिसांची परवानगी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली, ती हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तरच.

यंत्राकडे नीट पाहणारा चित्रकार म्हणजे तुलूझ-लोत्रेक. पायांनी अधू असलेला हा माणूस मित्र त्रिस्ताँ बेर्नारमुळे सायकल-शर्यतींच्या मैदानात रमायचा. १८९६ मध्ये सिम्प्सन साखळीच्या फ्रेंच विक्रेत्याने, लुई बुग्ले याने, त्याला पोस्टर सांगितलं. या साखळीचे दुवे त्रिकोणी, आणि त्यामुळे जादा जोर मिळतो असा सिम्प्सनचा दावा. लोत्रेकने तोंडात काडी धरलेला वेल्श स्वार जिमी मायकेल झकास उतरवला, पण साखळीच चुकली. बुग्लेने चित्र नाकारलं. साखळीच्या जाहिरातीत साखळी चुकलेली, त्याचं तरी काय चुकलं? लोत्रेकने मग दुसरं काढलं: पुढे जोर लावणारा काँस्ताँ युरे, मागे मैदानात खुद्द सिम्प्सन आणि बुग्ले उभे. ते पसंत पडलं. जादा जोराचा दावा काही टिकला नाही आणि साखळी बाजारातून गेली; पोस्टर संग्रहालयांत आहे. माझ्या मते नाकारलेलं चित्रच सरस. त्यात वेगापेक्षा माणूस दिसतो.

पोस्टरांचं वेड तेव्हाच लागलं होतं. १८९५ ते १९०० या काळात निवडक २५६ पोस्टरांच्या लहान आवृत्त्या शौकिनांसाठी छापून निघाल्या. 'ग्लॅडिएटर'ची ती तरुणी मात्र एकविसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या एका वाइनच्या लेबलावर गेली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या मद्यनियंत्रण मंडळाने तिच्या नग्नतेमुळे त्या लेबलावर बंदी घातली. वाइन कंपनीने लगेच त्या बंदीचीच जाहिरात केली.