टॅबला कीबोर्ड जोडला की लॅपटॉप होतो का? पन्नास वर्षं जुना प्रश्न

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. "टॅब आहेच. त्याला ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड घेतला तर पीएचडी निघेल का, की लॅपटॉप घ्यावाच लागेल?"

आपल्या जालना जिल्ह्यात हा प्रश्न हौसेपोटी कुणी विचारत नाही. जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी महाज्योतीने ज्यांना दहावीनंतर टॅब दिले, त्यांतली सुरुवातीची मुलं आता पदवी, पदव्युत्तरपर्यंत पोचली आहेत. मंठ्यातल्या किंवा घनसावंगीतल्या एखाद्या घरात तो टॅब हाच घरातला एकमेव संगणक असतो. प्रवेश झाला तरी फेलोशिप लगेच सुरू होत नाही, तोवर खर्च घरचाच. म्हणून कीबोर्डचे थोडे पैसे घालायचे की लॅपटॉपचे भरपूर, हा निर्णय खरोखर जड असतो.

याचं उत्तर दुकानदार देईल, यूट्यूबवाला देईल. मी इथे इतिहास सांगणार आहे, कारण हा प्रश्न गेली पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा विचारला गेलाय आणि त्याची उत्तरं नोंदलेली आहेत. ती नीट वाचली तर पैसे वाचतील. शिवाय संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, याचाही थोडा सराव होईल.

सुरुवात १९७२ पासून करू. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अ‍ॅलन के नावाच्या संशोधकाने एक निबंध लिहिला. विषय होता मुलांसाठीचा वैयक्तिक संगणक. या कल्पनेतल्या यंत्राचं नाव डायनाबुक. वहीएवढा आकार, वजन दोन किलोच्या आत, किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. चित्रात वर सपाट पडदा आणि खाली त्याच पाटीवर कीबोर्ड. तेव्हा असं यंत्र बनवण्याइतकं तंत्रज्ञानच नव्हतं, त्यामुळे ते कल्पनेतच राहिलं.

या चित्रातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पाटीसारख्या संगणकाची कल्पना जन्मली तीच कीबोर्डसकट. आज आपण "टॅबला कीबोर्ड जोडायचा का" असं विचारतो, पण मुळात कीबोर्ड होताच, तो मधे कधीतरी काढला गेला. दोन, के यांच्या दृष्टीने खरी अट वेगळी होती. मुलाला त्या यंत्रावर स्वतःचा प्रोग्राम लिहिता आला पाहिजे, दुसऱ्याचा बदलता आला पाहिजे. म्हणजे यंत्राचा मालक वापरणारा. ही दुसरी अट पुढे वारंवार आडवी येणार आहे.

नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती आणली. ती लॅपटॉपवरचीच विंडोज, फक्त पडद्यावर पेनाने लिहिता यायचं. सगळे प्रोग्राम चालायचे, पण यंत्रं जड आणि महाग. शिवाय बारीक बटणं माऊससाठी बनवलेली, पेनाने त्यांवर नेम धरणं कटकटीचं. सर्वसामान्यांपर्यंत ते पोचलं नाही.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि गणित उलटं झालं. यंत्र हलकं, बॅटरी दिवसभराची, बोटाने चालणारं, पण लॅपटॉपचे प्रोग्राम चालणार नाहीत. गंमत बघा, कीबोर्ड असलेला डॉक त्याच वर्षी विकायला होता, म्हणजे टाइप करायची सोय पहिल्यापासून होती. ट्रॅकपॅडचा अधिकृत आधार मात्र मार्च २०२० मध्ये, आयपॅडओएस १३.४ सोबत आला. मधे दहा वर्षं गेली! याउलट असूसने २०११ मध्येच ईई पॅड ट्रान्सफॉर्मर नावाचा अँड्रॉइड टॅब काढला होता, त्याच्या जोड-कीबोर्डवर ट्रॅकपॅड होता.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅकपॅडचं एवढं काय? एक्सेलची दोनशे ओळींची शीट उघडा आणि बोटाने नेमका एक सेल निवडून बघा. ज्या जागेवर बोट ठेवायचं तीच जागा बोटाने झाकली जाते. कर्सरचं टोक काहीच झाकत नाही. वाचताना हा फरक जाणवत नाही, डेटा नीट करताना दर मिनिटाला जाणवतो. म्हणून नुसता कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड यांत निवड असेल तर दुसराच घ्या, एवढं इतिहास निःशंकपणे सांगतो.

पण तेवढ्याने टॅबचा लॅपटॉप होतो का? याचं उत्तर देणारा जवळजवळ प्रयोगशाळेतला म्हणावा असा प्रयोग २०१२ मध्ये झाला. २६ ऑक्टोबर २०१२ ला मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी बाजारात आला. मागे उभं राहायला स्टँड, चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड आणि त्यावर ट्रॅकपॅड. वर्ड-एक्सेलही सोबत. डेस्कटॉप अगदी विंडोजसारखा. फक्त त्यातला प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा होता, त्यामुळे विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर टाकता येत नव्हते. स्टोअरमध्ये मिळेल तेवढंच चालणार. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, सरफेस प्रो आला. रूप तसंच, कीबोर्ड तोच, पण आत इंटेलचा प्रोसेसर आणि सगळे जुने प्रोग्राम चालणारे.

निकाल काय लागला? जुलै २०१३ मध्ये न विकल्या गेलेल्या सरफेस आरटीपोटी कंपनीला हिशेबात ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला. सरफेस प्रोची मालिका मात्र आजही चालू आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे लगेच हात वर करायला हवा, की दोन्हींची किंमत, वजन, बॅटरी वेगवेगळी होती, मग हा नियंत्रित प्रयोग कसा? बरोबर आहे. पण बाहेरचं रूप, कीबोर्ड, ट्रॅकपॅड हे सगळं सारखं ठेवून "काय चालवता येतं" एवढं बदललं आणि निकाल एवढा बदलला, हा पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कीबोर्ड दिसतो म्हणून आपण त्याच्याबद्दल बोलतो. निर्णय मात्र न दिसणाऱ्या गोष्टीवर लागतो. आपल्याला हवा तो प्रोग्राम टाकण्याची मुभा यंत्र देतं की नाही, ही ती गोष्ट.

आता आपल्याकडे येऊ. स्वस्त लॅपटॉप की टॅब, हा प्रश्न महाराष्ट्रातही प्रत्यक्ष तपासला गेला आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैरात इथल्या जिल्हा परिषद शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. त्यांचा एक्सओ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप वेगळाच होता. पडदा फिरवून कीबोर्डवर झोपवला की पुस्तकासारखा वाचता येई, उभा केला की लिहिता येई. म्हणजे दोन्ही कामांना एकच यंत्र पुरवायची धडपड तेव्हाही होती.

केंद्र सरकारने मात्र स्वतःचा रस्ता धरला. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला 'साक्षात' नावाचं उपकरण दाखवलं गेलं, वर्तमानपत्रांनी त्याला दहा डॉलरचा लॅपटॉप म्हटलं. जुलै २०१० मध्ये ३५ डॉलरचं उपकरण दाखवलं गेलं, तेव्हाही मथळ्यांत लॅपटॉप हाच शब्द होता. आणि ५ ऑक्टोबर २०११ ला 'आकाश' आला तो सात इंची टॅब! प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झ, मेमरी २५६ एमबी, दाबून चालवायचा पडदा, अँड्रॉइड २.२. त्या अँड्रॉइडवर देवनागरी नीट दिसायचीसुद्धा नाही. घोषणा लॅपटॉपची आणि हातात टॅब, हा बदल कमी किमतीत काय बसतं यावरून झाला. विद्यार्थ्याला काय करायचंय, हा प्रश्न मागे पडला.

पुढे हे काम आयआयटी मुंबईकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ चं अनावरण झालं. प्रोसेसर एक गिगाहर्ट्झ, मेमरी दुप्पट, पडदा बोटाच्या स्पर्शाने चालणारा. पण मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं ते तिथल्या प्राध्यापकांनी, दीपक फाटक आणि कन्नन मौदगल्य यांच्या गटांनी, केलेलं काम. त्यांनी या टॅबवर सी, सी प्लस प्लस, पायथन आणि सायलॅब चालतील अशी सोय केली. जीएनयू/लिनक्स चालवून दाखवलं. टॅब अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या कामाचा व्हायचा असेल तर त्याला प्रोग्राम लिहिता आला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. के यांची १९७२ ची अट पवईत चाळीस वर्षांनी पुन्हा समोर आली, असं म्हणायला हरकत नाही. आणि पुढे आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाने विद्यार्थ्यांसाठी सुमारे दहा हजार रुपयांचा, लिनक्सवर चालणारा हलका लॅपटॉप पुढे आणला. टॅबवर इतकं काम केल्यावर ही मंडळी लॅपटॉपकडे वळली, हे बोलकं आहे.

मग टॅब बाद? अजिबात नाही. इतिहास एवढंच सांगतो, की "टॅब लॅपटॉपची जागा घेतो का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाच्या, कोणत्या कामासाठी आणि कुठे, हे घातल्याशिवाय त्याला उत्तर नाही. हे तीन तुकडे घालून बघू.

तुमचा विषय इतिहास किंवा मराठी साहित्य असेल, तर कामाचा मोठा भाग वाचन, टिपणं आणि कागदपत्रांचे फोटो हा आहे. इथे टॅब लॅपटॉपपेक्षा सरस. अंबडच्या मोसंबी बागायतदारांचं सर्वेक्षण करायचं असेल, तर बांधावर उभं राहून लॅपटॉप उघडणार कसा? कोबो किंवा ओडीकेसारख्या अ‍ॅपमध्ये प्रश्नावली भरून ठेवली तर रेंज नसतानाही माहिती साठते आणि नंतर पाठवता येते. बॅटरी संपली तर पॉवरबँक चालते. या कामांसाठी टॅब आणि ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड ही जोडी खरंच पुरेशी आहे.

प्रबंध लिहायला घेतलात की थोडी अडचण सुरू होते. झोटेरोचं अ‍ॅप टॅबवर आहे, लेख वाचता येतात. पण वर्डमध्ये संदर्भ आपोआप घालणारी त्याची जोडणी टॅबवरच्या वर्डमध्ये चालत नाही. दोनशे संदर्भ हाताने घालणं म्हणजे चुकांना आवतण. विज्ञानातलं, विशेषतः माझ्यासारखं रसायनशास्त्रातलं काम असेल तर अडचण वाढते. आलेख काढायचं ओरिजिन विंडोजवरच चालतं. उपकरणांसोबत येणारे प्रोग्रामही बहुतेक विंडोजचेच असतात.

यावर एक पळवाट आहे. पायथन कोलॅबवर चालवा, लेटेक ओव्हरलीफवर लिहा, प्रयोगशाळेतला संगणक रिमोट डेस्कटॉपने उघडा. चालतं, उत्तम चालतं. फक्त यात संगणक दुसरीकडे आहे, तुमचा टॅब ही त्याची खिडकी आहे, एवढं ध्यानात घ्या. रेंज गेली की खिडकी बंद. जालना शहरात हे निभतं, जाफ्राबादच्या एखाद्या खेड्यात सबमिशनच्या आदल्या रात्री निभेलच असं नाही. म्हणून "कुठे" हा तुकडाही प्रश्नात हवाच.

शेवटी अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडं. या इतिहासाची साधनं म्हणजे बहुतांशी अनावरणाची भाषणं, जाहिराती, बातम्या. ती दाव्यांचा पुरावा आहेत, वापराचा नाहीत. २०१४ मध्ये सरफेस प्रो ३ लॅपटॉपची जागा घेईल असं कंपनीने म्हटलं, यावरून कंपनीला काय विकायचं होतं ते कळतं. लोकांनी लॅपटॉप सोडला का, ते त्यातून कळत नाही. तुमच्या विषयातही हीच सवय ठेवा. कोणताही कागद हातात आला की तो कशाचा पुरावा आहे, हे आधी ठरवा.

आणि खरेदीपूर्वी हे करा. तुमच्याच विषयात पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या कुणाकडे तरी जा. गेल्या आठवड्यात त्यांनी कोणते प्रोग्राम उघडले, त्यांची यादी मागा. तुमचा स्वतःचा अंदाज इथे कामाचा नाही, कारण तुम्ही ते काम अजून केलेलं नाही. यादीतला प्रत्येक प्रोग्राम टॅबवर, इंटरनेट बंद ठेवून, चालतो का ते तपासा. सगळे चालले तर कीबोर्ड घ्या आणि उरलेले पैसे फील्डवर्कच्या एसटी भाड्याला ठेवा. एखादाच अडला आणि तो विभागातल्या संगणकावर होत असेल, तरीही भागेल. दोन-तीन अडले, तर टॅब वाचनाला ठेवा आणि साधा, गरज पडल्यास वापरलेला, लॅपटॉप बघा. आणि एक, टॅब नवीनच घेणार असाल तर मोबाइलवरचं वर्ड १०.१ इंचापर्यंतच्या पडद्यावरच फुकट संपादन करू देतं, मोठ्या पडद्याला वर्गणी लागते. हा खर्च आधीच हिशेबात धरा.