उपकार वेगळे, मार वेगळा: आनंदीबाईंचं एक पत्र

जवळच्या माणसाचा राग आला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "गिळून टाक, संसार असाच असतो." मैत्रिणी म्हणतात, "कशाला ऐकून घेतेस? सोडून दे." आज ज्या पत्राबद्दल बोलायचंय, त्यात या दोन्हींपैकी काहीच नाही. हे पत्र डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेहून आपल्या नवऱ्याला, गोपाळरावांना लिहिलेलं.

आनंदी-गोपाळ म्हटलं की गोष्ट आपल्याला पाठच असते. श्री. ज. जोशींची १९६८ ची कादंबरी आहे, २०१९ चा सिनेमा आहे. तापट, हट्टी, पण बायकोला शिकवायचंच म्हणून झपाटलेला नवरा. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून त्यांनी तिला मारलं, हा किस्सा तर आपण जवळजवळ कौतुकाने सांगतो. "बघा, लोक बायको शिकते म्हणून मारायचे, हे शिकत नाही म्हणून!" आपण हसतो आणि पुढे जातो. मीसुद्धा हा किस्सा असाच सांगितलाय. पण जिला मार बसत होता, तिचं म्हणणं काय होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर ती गावोगाव फिरली, शिकत राहिली. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजात बसली, नवऱ्याशिवाय. वय अवघं अठरा. न्यू जर्सीत कार्पेंटर बाईंनी तिला घरात मुलीसारखं ठेवून घेतलं आणि मग ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली.

म्हणजे बघा, लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा-बायकोत समुद्र आला. बोलणं फक्त पत्रातून, आणि पत्र पोचायलाही कित्येक आठवडे. समोर कोणी खुर्ची उचलणारं नाही. अशा अंतरावरून त्यांनी जुना विषय काढला.

काय लिहिलंय त्यात? पत्राचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे. मला विचाराल तर दोन्ही. हेतूकडे पाहिलं तर बरोबर होतं. पण एका लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल, हे पाहिलं तर चूक होतं.

आणि मग त्या नुसतं "तुम्ही फार रागीट होतात" असं म्हणत नाहीत. वयानिशी यादी देतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत. बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, टाकून देण्याची धमकी दिलीत. चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा केल्यात. त्या-त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे झेपणारं नव्हतं. बास! शिवी नाही, शाप नाही. डॉक्टर रोग्याच्या तक्रारी लिहून घेतो, तसं काय झालं आणि कधी झालं तेवढं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी गप्प का राहिले, हेही त्या सांगतात. घर सोडून गेले असते तर वडिलांच्या नावाला बट्टा लागला असता. आणि जाऊन दाद कुठे मागणार? कायदा असलाच तर नवऱ्याच्या बाजूने. थोडक्यात, माझं गप्प राहणं ही माझी संमती नव्हती. वर एक टोलाही आहे: सहनशीलता म्हणजे काय, हे नवऱ्यांनी बायकोकडूनच शिकावं!

कायद्याबद्दलचं हे म्हणणं अतिशयोक्त वाटत असेल, तर त्याच काळातला रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लावलेलं लग्न, आणि नवऱ्याकडे नांदायला जायला ठाम नकार. मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. म्हणजे आनंदीबाई मनातली भीती लिहीत नव्हत्या, वस्तुस्थिती लिहीत होत्या.

आणि एवढं सगळं लिहून त्याच पत्रात त्या हेही कबूल करतात, की तुम्ही नसतात तर मी इथवर आले नसते. हे ऋण मी विसरणार नाही.

इथेच मला हे पत्र वेगळं वाटतं. आपल्या घरांत भांडण झालं की काय होतं? "तुझ्यासाठी इतकं केलं" हे वाक्य आलं की समोरच्याची तक्रार बाद. किंवा उलटं, एक जखम आठवली की आजवरचं सगळं केलेलं शून्य. आनंदीबाई ही वजावट करतच नाहीत. उपकार जमेच्या बाजूला, मार खर्चाच्या बाजूला. दोन्ही रकमा जशाच्या तशा, एकीने दुसरी खोडलेली नाही.

मग गोपाळराव बदलले का? पत्र वाचून माणूस पाघळला, अशी ही गोष्ट नाही. १८८५ मध्ये ते स्वतः अमेरिकेला पोचले आणि ज्या देशाने बायकोला आसरा दिला, त्याच्यावरच जाहीर भाषणांतून टीका करत सुटले. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, पण तब्येत ढासळत गेली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. दोनच वर्षांत, १८८९ मध्ये, काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. एका बाईने दुसरीचं आयुष्य तिच्या पत्रांसकट लोकांपुढे ठेवलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे पत्र समुद्रापलीकडून लिहिलेलं आहे. आज ज्या घरात हात उगारला जातो, तिथल्या बाईला "शांतपणे बोलून बघ" असा सल्ला देऊ नका. आधी सुरक्षित अंतर, मग बोलणं. आनंदीबाईंना जो कायदा मिळाला नाही, तो आज आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा, २००५ चा.

आणि ज्या घरांत मार नाही, पण वर्षानुवर्षं साचलेला राग आहे, तिथे काय करायचं? तर कधी काय झालं ते नेमकं सांगायचं. हेतू आणि परिणाम वेगळे ठेवायचे. आपण गप्प का होतो, तेही सांगायचं. समोरचा बदलेलच याची खात्री नाही. पण निदान "तिला काहीच वाटत नव्हतं" असं तरी उद्या कोणी म्हणणार नाही.

पुढच्या वेळी तो स्वयंपाकघराचा किस्सा कोणी हसत सांगितला, तर त्यांना या पत्राबद्दलही सांगा.