आईबापांनी उघडलेली दारे

माझी नात चार वर्षांची झाली तरी तिला बोल फुटेना. डॉक्टरांनी निदान सांगितले; पण पुढे जावे कोठे, ते कोणी सांगेना. वाट शोधता शोधता मी इतिहासात शिरलो. पाहतो तो प्रत्येक दार कोणा आईबापांनीच उघडलेले! १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने लेकीसाठी शाळा काढली. १९७२ साली तेथेच मिठू अलूर यांनी आपल्या मालिनीसाठी. १९७७ साली नाशकात रजनी लिमये यांनी मुलापायी ‘प्रबोधिनी’. ‘आमच्यामागे हिचे कोण?’ ही धास्ती मात्र शाळेने फिटत नाही. तिच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. सज्ञान झालेल्या अशा लेकरालाही जिल्ह्याची समिती पालक नेमून देते. हे सारे मला सांगितले शाळेच्या फाटकाशी बसलेल्या एका आईने. आता तेथे मीही बसतो. कोणी नवे आले, की सरकून जागा देतो.