कुठे उतरलात?

गोव्यात पेडणे महालातल्या चोपड्याला पोचलो त्या संध्याकाळी पुण्याहून एका स्नेह्यांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, 'कुठे उतरलात?' मी पत्ता सांगितला. नदीकाठचे चार खोल्यांचे गेस्ट हाऊस, वर कौले, पुढे बसायला सोपो, मागे माड. फोन ठेवला, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या दिवशी मी मोपाच्या विमानतळावर उतरलो होतो, मग बसमधून, मग रिक्षातून. स्नेह्यांना यातले काहीच नको होते. रात्री पाठ कुठे टेकणार, एवढेच त्यांना विचारायचे होते. आणि गंमत अशी, की माझी खोली होती माडीवर. म्हणजे उतरण्यासाठी मला बारा पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या.

उतरणे म्हणजे मुक्काम करणे हा अर्थ मराठीत इतका रुळलेला आहे की तो खुपत नाही. पण शब्द उघडून पाहिला की आतला सांधा उलटा बसवलेला दिसतो. मूळ संस्कृत 'उत्तॄ', म्हणजे 'उत्' हा उपसर्ग आणि 'तॄ' हा धातू. 'तॄ' म्हणजे तरणे, पार होणे. 'उत्' म्हणजे वर. उत्थान, उद्गार, उन्नती, उड्डाण, सगळीकडे हा 'उत्' वरच नेतो. मग उतरणेच तेवढे खाली का जाते? खाली जायचे तर त्यासाठी 'अव' आहे. 'अवतरणे' आहे, 'अवतार' आहे. देव वरून खाली येतो तो अवतार. (आपण केस न विंचरता दारात उभे राहिलो की घरचे म्हणतात तोही अवतारच, तिथे नेमके कोण कुठून खाली आले, हे विचारू नये.)

सरळ उत्तर असे देता येईल की प्राकृतात 'उत्तरइ' आणि 'ओअरइ', म्हणजे उत्तरति आणि अवतरति, ही दोन क्रियापदे शेजारी नांदत होती. त्यांतले दुसरे झिजत गेले आणि त्याचे काम पहिल्याने अंगावर घेतले असावे. हे खरेही असेल. पण मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या कोशात 'उत्तॄ'पाशी थांबले तर दिसते की घोटाळा बराच जुना आहे. पाण्यातून बाहेर येणे, नावेतून काठाला लागणे, संकटातून सुटणे, पार होणे, आणि त्याच ओळीत खाली येणे, उतरणे, एखाद्या ठिकाणी मुक्कामाला राहणे. म्हणजे आमच्या स्नेह्यांचा प्रश्न संस्कृतातच तयार होता. वर आणि खाली एकाच क्रियापदात सुखाने राहत होते.

मराठीने या दोघांची वाटणी मोठ्या चतुराईने केलेली दिसते. तत्सम रूपाला वरची दिशा दिली, तद्भवाला खालची. परीक्षेत 'उत्तीर्ण' झालेला मुलगा तरून पलीकडे गेला. त्याच परीक्षेत ज्याचा चेहरा 'उतरला' तो अलीकडेच राहिला. धातू एक, उपसर्ग एक, दैव वेगळे. 'उतारा' तर घरातला हरकाम्या गडीच. विषावर उतारा, सातबाराचा उतारा, पाठ्यपुस्तकातला उतारा, तिन्हीसांजेला कुणावरून तरी ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही उतारा. मुक्कामाची जागा हा अर्थ मात्र मराठीपेक्षा गुजरातीत जास्त टिकला. तिकडे 'उतारो क्यां छे?' असे सहज विचारतात. मराठीने माणसाला उतारू केले आणि उताऱ्याला कागदावर पाठवले.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो, कारण मी स्वतः त्या खड्ड्यात पडलेलो आहे. उत्तर दिशेतला 'उत्तर' हा या कुळातला नाही. तिथे 'उत्'ला 'तर' हा तुलनेचा प्रत्यय लागलेला आहे, 'अधिक वरचा' या अर्थाने. 'तॄ'शी संबंध नाही. जावामधल्या योग्यकार्तात एकदा राजवाड्यापुढच्या मोठ्या मैदानाचे नाव नकाशावर वाचले, 'आलुन-आलुन उतारा'. गुजराती उतारो डोक्यात घोळत असल्याने मला वाटले, परदेशी पाहुण्यांची उतरायची सोय इथेच असणार. मैदानात दोन वडांखेरीज काही नव्हते. इंडोनेशियन भाषेत 'उतारा' म्हणजे फक्त उत्तर दिशा; नाव एवढेच सांगत होते, की हे उत्तरेकडचे मैदान.

योग्यकार्तातल्या त्या मुक्कामाविषयी बोलायलाच हवे, कारण या प्रश्नाचे दुसरे टोक मला तिथे सापडले. शहर तसे फार जुने नव्हे. १७५५ च्या गियांतीच्या तहाने मातारामचे राज्य दुभंगले आणि हे नगर वसले. नावात अयोध्या लपलेली दिसते. लहान लहान गेस्ट हाऊसांच्या ज्या दोन गल्ल्या प्रवाशांना ठाऊक असतात, त्यांतल्या 'प्राविरोतामान'मध्ये 'प्रवीर' आणि 'उत्तम' सरळ ऐकू येतात, तर 'सोस्रोविजायान'मध्ये 'सहस्र' आणि 'विजय'. जावाच्या जिभेवर संस्कृत 'अ'चा 'ओ' होतो. कोकणी कानाला हे फारसे परके वाटू नये. मी उतरलो होतो, पाहा, इथेही उतरलोच, प्राविरोतामानमध्ये. आंगण, आंगणात झाडे, झाडांखाली पिंजऱ्यात एक कवडा. खोली साधी, पंखा मोठा. उकाडा आपल्या एप्रिलसारखा. मालकीणबाईंना सगळे 'इबू' म्हणत, म्हणजे आई. त्यांनी खिडकी उघडून दिली आणि म्हणाल्या, 'जेन्देला'. मी चमकलो. पेडण्यात खिडकीला 'जनेल' म्हणतात. दोघांची आई एकच, पोर्तुगीज 'जनेला'. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्या वर्षी आरमार नेऊन मलाक्का घेतली. मिरी-लवंगांच्या त्या वाटेवर खिडक्याही गेल्या असाव्यात. कपाट 'लेमारी', म्हणजे आपली आलमारी. लिलाव तिकडे 'लेलांग'. मेज 'मेजा'; पण इथे सावध राहावे, कारण पोर्तुगीज 'मेजा'सारखेच फारसी 'मेज'ही आहे आणि मराठी मेज बहुधा फारसीकडून आले. एकाच टेबलाला दोन बाप दिसले की कोशकाराने जरा दूरच बसावे.

घरातल्या वस्तू ओळखीच्या निघाल्या, पण घराचे नाव? इंडोनेशियन भाषेत उतरण्याच्या जागेला चार-पाच शब्द आहेत आणि त्यांतला एकही उतरत नाही. 'पेंगिनापान' हा त्यांचा घरचा शब्द. मूळ 'इनाप', रात्र काढणे. ही आपली 'वस्ती'. संस्कृत 'वसति'लाही रात्रीच्या मुक्कामाचा अर्थ होता आणि आपल्या एसटीने तो जपला आहे. वस्तीची गाडी गावात रात्री येते आणि पहाटे निघते. 'विस्मा' म्हणजे संस्कृत 'वेश्म'. हा शब्द मराठीत जुन्या पंडिती कवितेबाहेर क्वचितच दिसतो, पण तिकडे कचेऱ्यांच्या आणि पाहुणेघरांच्या पाट्यांवर रोज उन्हात उभा असतो. धातू 'विश्', आत शिरणे. आपल्या गावाची 'वेस' याच कुळातली असावी.

'लोसमेन' ऐकून मला वाटले हा नक्की जावाचा. नव्हे. फ्रेंच 'लोजमाँ' डचांनी नेला आणि जावाने चघळून त्याचा लोसमेन केला. म्हणजे आपल्या 'लॉज'चा हा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या मुळाशी जुना जर्मानिक शब्द आहे, त्याचा अर्थ पालापाचोळ्याचा आडोसा, पानांचा मांडव. गोव्यात ज्याला 'माटव' म्हणतात, साधारण तेच. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर चुडतांच्या झोपड्या बांधून पाहुणे ठेवणाऱ्यांना ठाऊक नाही, पण त्यांनी लॉज या शब्दाला त्याच्या माहेरी नेऊन सोडले आहे.

आणि 'पोन्दोक', झोपडी किंवा विद्यार्थ्यांची राहण्याची जागा. हा अरबी 'फुंदुक', म्हणजे व्यापाऱ्यांची सराई. त्याच्याही मागे ग्रीक 'पान्दोकेइओन', सगळ्यांना घेणारे घर. तोच फुंदुक अरबांकडून पोर्तुगालात गेला आणि 'अल्फांदेगा' झाला, अर्थ जकातघर. सराईत माल उतरतो, माल उतरला की कर आलाच. म्हणजे एकाच शब्दाने पश्चिमेकडून येऊन गोव्यात कर वसूल केला आणि जावात मुलांना अंथरूण दिले. शब्दांनाही सरकारी नोकरी लागते की काय, असे वाटते.

इबूंशी बोलताना मी एकदा फार शहाणपणा केला. 'मुक्काम' हा अरबी शब्द, 'मकाम', उभे राहण्याची जागा; तो मुसलमानी देशात कळेलच अशा भरवशावर मी विचारले, इथे आणखी चांगले 'माकाम' कुठे आहेत? त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले आणि दक्षिणेकडे हात करून म्हणाल्या, 'इमोगिरी'. माकाम म्हणजे तिकडे कबर. इमोगिरी हे मातारामच्या राजांचे दफनस्थान, सुलतान आगुंगने १६३२ मध्ये स्थापलेले. नाव 'हिमगिरी'वरून, बर्फ मात्र औषधालाही नाही. मी गेलो. टेकडीवर शेकडो पायऱ्या चढून जावे लागते. मराठी पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो तेव्हा या शेवटच्या मुक्कामाची आठवण होत नाही, हे बरेच आहे.

जावा सोडून बाकीच्यांकडे पाहावे तर सगळे उतरतातच. अरबी 'नजल' म्हणजे खाली येणे, उंटावरून पाय खाली टाकणे. त्यावरून 'मंझिल', उतरण्याची जागा. मराठीने हिचे दोन वाटे केले. एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ती 'मजल' (मजल दरमजल करीत फौजा गेल्या, असे बखरीच्या भाषेत म्हणतात), आणि इमारतीचा 'मजला'. खाली उतरण्याच्या धातूपासून वर चढण्याची वस्तू तयार झाली. माझी माडीवरची खोली आता इतकी विचित्र वाटेना. त्याच धातूचा 'नजला', म्हणजे डोक्यातून नाकात उतरणारे पडसे. हा मुक्कामाला आला की आठवडाभर हलत नाही. कानडीत 'इळि' म्हणजे उतर, आणि 'इळिदुकोळ्ळु' म्हणजे लॉजवर वगैरे राहणे. हा मराठीचा ठसा कानडीवर की कानडीचा मराठीवर, याचा निवाडा मी करणार नाही. सीमाभागात आधीच पुरेसे खटले आहेत. पोर्तुगीजमध्ये 'पौसार' म्हणजे पक्षी फांदीवर बसतो तसे टेकणे, आणि त्यावरून 'पौसादा', पाहुणेघर. तिथे माणूस पाखरासारखा उतरतो, अरबस्तानात स्वारासारखा.

आणि आपण? आपण कशावरून उतरतो? घोड्यावरून म्हणावे तर 'उत्'चे कोडे सुटत नाही, कारण घोड्यावरून माणूस खालीच येतो. उत्तर नावेत असावे, असे मला चोपड्याला बसून वाटू लागले. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचा. मग पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत आला (आणि या 'काबिजाद' शब्दात अरबी 'काबीज' मांडी घालून बसलेला दिसतो). पण महाल कुणाचाही असो, बारदेसातून इथे यायचे तर शापोरा नदी ओलांडायलाच हवी. पलीकडे शिवोली, अलीकडे चोपडे, मध्ये फेरी. फेरीच्या जागेला जुना शब्द 'तर' किंवा 'तार'. शिवोलीला नदीकाठच्या वाड्याचे नाव आजही 'तार' आहे. नाव हाकणारा 'तारी', आणि हे गोव्यात आडनावही आहे. तारू, तराफा, तीर, तीर्थ. यांतला अरबी वळणाचा तराफा सोडला तर बाकी सगळी 'तॄ'ची लेकरे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायचा उतार. पुण्य नंतर आले, आधी पाय भिजले. म्हणजे ज्या नदीवर 'तर' होती, तिच्या काठी 'उतरलो' हे क्रियापद माझ्याआधी येऊन बसले होते. इथली बोली मात्र याबाबतीत अलिप्त. कोकणीत होडीतून 'देंवतात' आणि घरात 'रावतात'. दोन कामांना दोन शब्द, कसलाच घोळ नाही.

आता शिवोली-चोपडे पूल झाला आहे आणि इथली फेरी बंद पडली. म्हणून मी दुसऱ्या दिवशी केरीला गेलो. तिथे तेरेखोल नदीवर फेरी अजून चालते. गोव्याची फेरीबोट म्हणजे तरंगता सपाट ओटा. काठाला आली की पुढचा लोखंडी फळका खाली पडतो, काठावर सिमेंटची उतरण असते, तिचे टोक पाण्यात बुडालेले. बोट पाण्याच्या पातळीला, रस्ता वर. फळका आदळला तसा खलाशाने हात केला. स्कूटरवाल्यांनी पहिला गिअर टाकला, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या दोघी पुढे झाल्या, एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू चढू लागले. शेजारचा सावंतवाडीकडचा पाहुणा मला म्हणाला, 'चला, उतरा.' मीही पाण्यातून वर, चढ चढत, उतरलो.